संधिसाधू कोण? : सूरजागडची माती आणि जीवाणूंची नावं



विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं जीवाणूंशी काय काम? काम आहे. एखादी वस्तू दुसरीपेक्षा वेगळी आहे हे कशावरून ठरवायचं, तिला नाव कधी द्यायचं आणि ते नाव खरं कशामुळे ठरतं, हे सगळे आमच्या दुकानातलेच प्रश्न. आपल्याकडे वैशेषिकांनी 'सामान्य' आणि 'विशेष' असे दोन स्वतंत्र पदार्थच मानले. नैयायिकांनी तर लक्षण कसं चुकतं याचे तीन प्रकार सांगून ठेवले. गाईचं लक्षण 'शिंगं असणं' असं केलं, तर म्हैसही त्यात येते, ही अतिव्याप्ती. 'कपिल रंग' असं केलं, तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'एकच खूर असणं' म्हटलं, तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. आज जो इतिहास आपण पाहणार आहोत, तो या तीन दोषांशी झालेल्या दीडशे वर्षांच्या झटापटीचा आहे. फरक एवढाच, की इथे लक्षण चुकलं तर माणूस दगावतो.

सुरुवात सूरजागडापासून करू. गडचिरोली जिल्हा, एटापल्ली तालुका. माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचा हा डोंगर. जानेवारीत तिथे यात्रा भरते. या डोंगराच्या पोटात लोहखनिज आहे आणि गेल्या दशकापासून तिथे खाण चालू आहे. सूरजागड म्हटलं की लोखंड, रोजगार, जंगल आणि बंदुका या चार गोष्टींवर बोललं जातं. पाचवी गोष्ट पायाखाली आहे, ती म्हणजे माती. सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये जीवाणूंची संख्या कोटींच्या घरात असते. त्यातल्या बहुतेकांना नाव नाही आणि बहुतेक जण आपल्या वाटेला जातही नाहीत. कुजवणं, नत्र फिरवणं, लोखंडाचं रूप बदलणं ही त्यांची कामं चालू असतात. पण त्यातले काही मोजके असे, की माणसाचं शरीर कमकुवत झालं, कातडी फाटली किंवा नळी-सुई आत गेली, की तेही आत शिरतात. वैद्यकात त्यांना म्हणतात संधिसाधू जीवाणू.

आता हा शब्द बघा. मराठीत 'संधिसाधू' आपण कुणाला म्हणतो? निवडणुकीच्या आदल्या रात्री पक्ष बदलणाऱ्याला. म्हणजे शब्दातच दोषारोप आहे. पण जीवाणूला हेतू नसतो. दार उघडं दिसलं म्हणून तो आला. मग विचारायचं ते हे, की दार उघडं कुणी ठेवलं? आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, की संधिसाधू जीवाणूंच्या नव्या जाती ओळखण्याचा इतिहास हा संधी कोण देतं, हे ओळखण्याचा इतिहास आहे. नाव बरोबर लागलं तरच ते दार सापडतं.

'जाती' या शब्दाबद्दल एक खुलासा. वर्तमानपत्रं 'प्रजाती' लिहितात. आम्ही 'जाती' म्हणू आणि तिच्या वरच्या गटाला 'वंश' म्हणू. समाजातली जात जन्मावर चिकटवलेली असते. जीवाणूंची जात ही मतं मांडून, पुरावा देऊन आणि पुढे खोडून काढता येईल अशा बेतानं ठरवलेली असते. शब्द एक असला तरी व्यवहार उलटा आहे.

१६७६ साली डच व्यापारी लेव्हेनहूकनं आपल्या भिंगातून हे सूक्ष्म जीव पाहिले आणि लंडनला कळवले. नाव, वर्ग काहीच नाही, नुसतं 'पाहिलं'. वर्ग पाडायला १८७२ उजाडलं. फर्डिनांड कोनानं आकारावरून गट केले: गोल, काठीसारखे, मळसूत्री. पण आकार हे लक्षण अतिव्याप्त. काठीसारखे जीवाणू हजारो. त्यातला दह्यातला कोणता आणि रोगाचा कोणता? दुसरी अडचण अशी, की द्रवात सगळे एकत्र वाढतात. त्यांना वेगळं करायला घट्ट पृष्ठभाग हवा. रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जिलेटिन वापरत, ते उबेत वितळायचं. १८८१ साली फॅनी हेसे या बाईंनी उपाय सुचवला. त्या मुरंबे आणि जेली घट्ट करायला अगार वापरत. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात पुडिंगसाठी जे 'चायना ग्रास' मिळतं ना, तेच हे. आजही जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत जीवाणू याच स्वयंपाकघरातल्या पदार्थावर वाढतो.

आता रंगूनला जाऊ. साल १९११. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानचाच प्रांत होता. त्याच प्रांतात मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी त्याच सुमारास गीतारहस्याचं लेखन पुरं केलं होतं. इकडे रंगूनच्या इस्पितळात आल्फ्रेड व्हिटमोर हे शवचिकित्सक आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी बेवारशी, फाटक्या माणसांची प्रेतं तपासत होते. त्यातले बरेच जण मॉर्फिनची सुई टोचून घेणारे. फुप्फुसात, यकृतात गळवं. जंतू पाहिला तर घोड्यांच्या ग्लँडर्स या रोगाच्या जंतूसारखा. पण ही माणसं घोड्याच्या आसपासही फिरलेली नव्हती. शिवाय हा जंतू हालचाल करत होता, ग्लँडर्सचा करत नाही. अगारवर तो भराभर वाढत होता आणि गिनीपिगमध्ये ग्लँडर्सची ठरलेली खूण उमटत नव्हती. १९१२ साली दोघांनी 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये लिहिलं, की हा आजार आजवर कुणी वर्णन न केलेला आहे.

इथे नैयायिकांना आठवा. 'ग्लँडर्सचा जंतू' या लक्षणात जे बसत होतं, त्यातून दोघांनी एक वेगळी जात बाहेर काढली. अतिव्याप्ती दूर केली. पण ती संधी कोणती होती? सगळ्यांचं बोट मॉर्फिनच्या सुईकडे होतं. पुढे १९२१ साली स्टँटन आणि फ्लेचर यांनी रोगाला मेलिऑइडोसिस हे नाव दिलं. बराच काळ समज असा होता, की हा उंदीर-घुशींकडून येतो. १९५०च्या दशकात व्हिएतनाममध्ये तोच जीवाणू चिखलातून वाढवून दाखवला गेला, तेव्हा चित्र पालटलं. जंतूचं घर उंदीर नाही, माती आहे. रोगी आणि माती यांच्यामधली चाळीस वर्षं नावाशिवाय गेली नाहीत; नाव होतं, पण ते अर्ध्याच घराला लावलेलं होतं.

त्या जीवाणूचं नावही किती वेळा बदललं! बॅसिलस, मॅलिओमायसिस, स्यूडोमोनास, आणि १९९२ पासून बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय. भारतातली या रोगाची सुरुवातीची नोंद १९९१ साली मुंबईतून, एका लहान मुलाची. म्हणजे रंगूननंतर ऐंशी वर्षांनी. रोग मधल्या काळात नव्हता का? असणार. पण तो क्षयासारखा दिसतो, आणि प्रयोगशाळेत 'कुठला तरी स्यूडोमोनास, बाहेरून मिसळलेला' म्हणून बशी टाकून दिली जाते. आज माहीत आहे, की मधुमेह हे त्याचं मोठं दार आहे आणि पावसाळा, चिखल, भातशेती हा त्याचा मोसम. पूर्व विदर्भ धानाचा मुलूख आहे. बांधीत गुडघाभर चिखलात उभं राहून रोवणी करणाऱ्या बाईच्या पायाला चीर पडलेली असते, आणि मधुमेह आता शहरापुरता उरलेला नाही. तिला ताप आला आणि क्षयाच्या गोळ्यांनी उतरला नाही, तर डॉक्टरांच्या मनात हे नाव यायला हवं. नाव मनात नसेल तर डोळ्यासमोरचंही दिसत नाही.

दुसरी गोष्ट थेट पुण्याची. आणि तिच्याकडे जाण्याआधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यात थांबावं लागेल. बाबा आमटे आणि तुळशीराम यांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पावसात रस्त्याकडेला पडलेला, बोटं झडलेला, जखमांत अळ्या वळवळत असलेला माणूस. त्याला पाहून निधड्या छातीचे बाबा पळाले, आणि त्या भीतीची लाज वाटून परतले. पुढे १९४९ साली महारोगी सेवा समिती उभी राहिली, मग आनंदवन. या गोष्टीचा नैतिक अर्थ आपण खूपदा ऐकला. वैद्यकीय अर्थ कमी ऐकलाय. कुष्ठरोगाचा जंतू बोटं खात नाही. तो नसा मारतो. मग काटा लागलेला कळत नाही, चटका कळत नाही, जखम चिघळते आणि इतर जंतू येतात. संधी देणारा एक, साधणारे दुसरेच. आणि कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सननं १८७३ साली पाहिला असला, तरी तो आजतागायत प्रयोगशाळेच्या बशीत वाढलेला नाही. भीती सगळी त्याच्या नावावर जमा झाली. जखम चिघळवणारे बिननावाचे राहिले.

आता अळ्यांकडे. मांसमाशी जखमेजवळ पिलं टाकते, अळ्या मांस खातात. २००१ साली हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी अशा माशीच्या अळ्यांतून एक नवा जीवाणू वेगळा केला. त्या माशीचं वर्णन १८६२ साली इग्नाझ शिनर यांनी केलं होतं, म्हणून जीवाणूचा वंश 'शिनेरिया'. पण हे नाव एका माशीच्या वंशाला आधीच दिलेलं निघालं. मग २००७ साली ते झालं 'इग्नाट्शिनेरिया'. तोवर हा जीवाणू माशीचा पाहुणा एवढीच त्याची ओळख. त्याच वर्षी फ्रान्समध्ये एका रुग्णाच्या रक्तात तो सापडला.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांचे सहकारी मांसमाश्यांमधले जीवाणू तपासत होते. अळ्यांत नव्हे, पूर्ण वाढलेल्या माश्यांत. २०११ साली त्यांनी या वंशातल्या दोन नव्या जाती जाहीर केल्या: इग्नाट्शिनेरिया इंडिका आणि इग्नाट्शिनेरिया युरिक्लास्टिका. पहिल्या नावाचा अर्थ 'भारतातली', दुसऱ्याचा 'युरिया फोडणारी'. माशीच्या पोटातला जीवाणू शोधून काय मिळणार, असं विचारणारे तेव्हाही असतील. तीन वर्षांत, २०१४ साली, अमेरिकेतून अळ्या पडलेल्या जखमांच्या रुग्णनोंदी प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांच्यातला जीवाणू होता इंडिका. तिथल्या प्रयोगशाळेला तो ओळखता आला, कारण त्याचा जनुकीय क्रम आणि त्याचं नाव आधीच नोंदलेलं होतं. पुण्यातल्या माशीनं केंटकीतल्या जखमेचं निदान सोपं केलं, असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही. यातले रुग्ण कोण असतात? बेघर, एकटे म्हातारे, मधुमेहानं पाय बधिर झालेले. सोप्या भाषेत, ज्यांची जखम बघायला कुणी नाही ते. तुळशीरामाचेच नातलग.

आता कुणी विचारेल, 'नवी जात' हे ठरवतात कसं? थोडक्यात सांगतो आम्ही. एक काळ असा होता, की जो तो आपल्या जंतूला नाव देई; हजारो नावं झाली, अनेकांचा जंतूच शिल्लक नव्हता. मग १ जानेवारी १९८० रोजी मान्य नावांची यादी जाहीर झाली. त्यात राहिली जेमतेम दोन-अडीच हजार. बाकीची निकालात निघाली. नव्यानं सगळी सुरुवात. त्याआधी १९७७ साली कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिलं होतं, की प्रत्येक पेशीतल्या रायबोसोमच्या आरएनएवरून जीवांची वंशावळ मांडता येते. आता रीत अशी: त्या जनुकाचा क्रम ओळखीच्या जातींशी ताडून पाहायचा; साधारण ९८.७ टक्क्यांहून कमी जुळला तर नवी जात असण्याचा दाट संभव. मग संपूर्ण जनुकसंच ताडायचा. तिथली सीमा साधारण ९५-९६ टक्के. शिवाय तो काय खातो, किती उबेत वाढतो, पेशीतली चरबी कोणती, हे सगळं नोंदवायचं. आणि शेवटची अट सर्वांत महत्त्वाची: जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत ठेवायचा, म्हणजे जगातला कुणीही मागवून घेईल आणि तुमचं म्हणणं पडताळेल. पुण्यात २००९ साली असा मोठा सूक्ष्मजीवसंग्रह सुरू झाला आणि २०११ साली त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

तत्त्वज्ञानाच्या अंगानं आम्हाला यात फार गोडी आहे. नाव सत्य कधी? जेव्हा ते दुसऱ्याला खोटं ठरवता येण्याची सोय नाव देणाऱ्यानं स्वतः करून ठेवलेली असते तेव्हा.

तिसरी गोष्ट छोटी आहे, पण डोळे उघडणारी. ॲसिनेटोबॅक्टर या वंशाचा पहिला नमुना बायेरिंक यांनी हॉलंडच्या मातीतून वेगळा केला. सालही पुन्हा १९११. पुढे या वंशातली एक जात इस्पितळांत फार माजली. तिला १९८६ साली 'बाउमनाय' हे नाव मिळालं. अतिदक्षता विभागात, श्वासयंत्रावरच्या रुग्णाला गाठणारी हीच. २००३ नंतर इराकहून परतलेल्या जखमी अमेरिकी सैनिकांत ती मोठ्या संख्येनं दिसली, तेव्हा लोकांनी सरळ म्हटलं, इराकच्या मातीचा दोष. स्फोटात माती जखमेत गेली, तिच्यातून हे आलं. तपास झाला. माती, सैनिकांची कातडी, रणांगणावरची इस्पितळं, सगळं पाहिलं गेलं. धागा जुळला तो इस्पितळांशी. दार तिथे उघडं होतं, आणि आरोप चिखलावर.

हे सूरजागडच्या संदर्भात नीट लक्षात ठेवायला हवं. जंगल तुटलं, डोंगर फुटला, बाहेरून माणसं आली, की उद्या एखादा चमत्कारिक आजार दिसला तर बोट कुठे जाईल? एक तर तिथल्या मातीकडे, नाही तर तिथल्या माणसांकडे, त्यांच्या राहणीकडे. आधी दार बघा. जखम झाल्यावर स्वच्छ पाणी किती लांब होतं? सुई निर्जंतुक होती का? रक्ताची तपासणी कुठल्या गावाला पाठवावी लागली, आणि तोवर किती दिवस गेले?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. नावाचं एवढं कौतुक कशाला? याच गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्या बायांना शिकवून नवजात बाळांचा जंतुसंसर्ग घरात ओळखला आणि उपचार केले. जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि को-ट्रायमॉक्साझोल. ३९ गावांत हे काम झालं, आणि १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. तिथे कुणी जंतू वाढवत बसलं नव्हतं, कुणी जनुकक्रम काढला नव्हता. बाळ दूध ओढेनासं झालं, रडणं मंदावलं, अंग गार किंवा गरम लागलं, या खुणा पुरल्या.

खरं आहे. आम्ही तर म्हणू, की आरोग्यदूत बाईनं केलं तेही लक्षण बांधणंच होतं, आणि अतिशय उत्तम. तिचं लक्षण जंतूचं नव्हतं, धोक्याचं होतं. जीव वाचवायला तेच नेमकं. पण त्याची मर्यादाही सांगू. मघाचा रंगूनचा जीवाणू जेंटामायसिनला सहसा दाद देत नाही. बाउमनाय तर अनेक औषधं पचवून बसली आहे. जिथे नेहमीचं औषध चालतं तिथे खूण पुरते; जिथे चालत नाही तिथे नावाशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही. खूण गावात हवी आणि नाव जिल्ह्यात तरी मिळायला हवं. यातलं एक दुसऱ्याला पर्याय नाही.

शेवटचा मुद्दा नावाच्या मानापमानाचा. जागेवरून नाव देण्याची प्रथा जुनी आहे. लोणार सरोवरातल्या एका जीवाणूचं नाव 'सेसेम्बिया लोनारेन्सिस'. लोणारकरांना त्याचा अभिमान वाटावा. पण २००९ साली औषधांना निकामी करणाऱ्या एका विकराला 'न्यू दिल्ली'चं नाव दिलं गेलं, आणि पुढच्या वर्षी देशभर संताप उसळला. एका शहराच्या कपाळी रोग कोरला गेला, ही भावना होती. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की नव्या रोगांना गावाची, देशाची, माणसांची नावं देऊ नका.

उद्या सूरजागडच्या लाल मातीतून एखादा नवा जीवाणू निघाला आणि तो एखाद्या रुग्णातही सापडला, तर त्याला या डोंगराचं नाव द्यावं का? तो डोंगर ठाकूरदेवाचा आहे, आणि ज्यांचा देव तिथे राहतो त्यांना हे विचारलं पाहिजे. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेनं २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवून देशाला रस्ता दाखवला. जैवविविधतेचा कायदा २००२ पासून आहे. मोह, तेंदू, बांबू यांच्याबद्दल ग्रामसभेला विचारायचं हे आता निदान कागदावर तरी मान्य आहे. मातीतल्या न दिसणाऱ्या जीवांबद्दलही विचारावं, ही मागणी आम्हाला अवाजवी वाटत नाही. आणि नमुना पुण्याच्या संग्रहात गेला, तर ज्या गावातून तो गेला त्या गावाला त्याचं काय झालं हे गोंडी-माडियात कळवावं. एवढी रीत पाळली तरी पुष्कळ.

तेव्हा विषयाच्या मुळाशी येऊन थांबू. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी बेवारशी प्रेतं काळजीनं तपासली म्हणून एक रोग कळला. पुण्याच्या मंडळींनी माशीला तुच्छ मानलं नाही म्हणून दूरदेशीच्या जखमेला नाव मिळालं. दोन्हीकडे, ज्याच्याकडे कुणी बघत नाही तिकडे कुणीतरी नीट बघितलं. गडचिरोलीत हे करायला सोन्याच्या प्रयोगशाळा लागणार नाहीत. जिल्हा रुग्णालयात रक्त आणि पू वाढवून पाहण्याची भरवशाची सोय, ती चालवणारी शिकलेली माणसं, आणि न ओळखलेली बशी फेकून न देता पुण्याला पाठवण्याची शिस्त, एवढं हवं. खाणीतून जे धन निघतं, त्यातला किती अंश यासाठी ठेवायचा हा प्रश्न विचारण्याचा हक्क एटापल्लीच्या माणसाला आहे.

 प्रश्न असतील तर अवश्य विचारा. आम्ही इथेच थांबतो.